उणे ६२ चं उणे ७२ झालं, म्हणजे किती गेलं?

प्रिय विद्यार्थिनी,

दारव्हा तालुक्यातून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. बारावी सायन्स झालीस, चुलतभाऊ गावोगाव नेटची कनेक्शनं देतो आणि त्याच्यासोबत तू गच्चीवर डिश लावतेस. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा करायचाय, पण दहावीपर्यंत मराठी माध्यम असल्यामुळे डीबीएम, गेन असले शब्द ऐकले की पोटात गोळा येतो, म्हणतेस. आणि जाता जाता विचारलंस: पावसाळ्यात सिग्नल उणे ६२ डीबीएमवरून उणे ७२ वर आला, दहाच तर कमी झाले, मग नेट एवढं का रखडतं?

ज्या मुलीला हा प्रश्न पडतो, तिने या शाखेला जायलाच हवं.

डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत शक्ती किती, ते लॉगॅरिथममध्ये सांगायची रीत. शून्य डीबीएम म्हणजे बरोबर १ मिलिवॅट. ३ ने उतरलं की शक्ती जवळपास अर्धी, १० ने उतरलं की दहावा हिस्सा. म्हणजे तुमच्या डिशपर्यंत येणाऱ्या शक्तीचे दहापैकी नऊ वाटे गेले! लॉग टेबल उघडून गणितं सोडवलीस ना, तेच हे. शिवाय सिग्नल गोंगाटाच्या, म्हणजे हवेतल्या आणि यंत्रातल्या नको असलेल्या लहरींच्या, किती वर आहे, यावर रेडिओ वेग ठरवतो. गोंगाट उणे ९५ धर. आधी ३३ चं अंतर होतं, आता २३ उरलं. अंतर घटलं की रेडिओ एका खेपेत कमी बिट नेणारं मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर माहिती चढवायची रीत, धरतो, कारण दाटीने भरलेले बिट गोंगाटातून ओळखता येत नाहीत.

शक्ती गेली कुठे? तू लिहितेस, मधलं कडुनिंबाचं झाड डिश आणि टॉवर जोडणाऱ्या सरळ रेषेच्या खाली आहे, पलीकडचा टॉवर स्वच्छ दिसतो. पण लहरींना दोरीएवढी वाट पुरत नाही, मधोमध फुगलेल्या काकडीसारखी जागा लागते. हाच तो फ्रेस्नेल झोन. ५.८ गिगाहर्ट्झवर ३ किलोमीटरच्या लिंकमध्ये मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे ६.२ मीटर भरते, आणि त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे पावणेचार मीटरच्या आसपास, मोकळी हवी. पावसाळ्यात झाड भरतं, पानं ओली होतात, आणि ओली पानं या लहरी भरपूर शोषतात.

आता गेन, म्हणजे डिश एका दिशेला सिग्नल किती पटीने वाढवते ते. डिश नवी शक्ती तयार करत नाही, टॉर्चमधल्या आरशासारखी आहे तेवढी एका दिशेला गोळा करते. म्हणून तर ती अंशभर हलली तरी आकडा पडतो, हे तू हाताने अनुभवलंयस. एक वही कर. इंग्रजी शब्द लिही आणि त्याच्यासमोर तुझ्याच गच्चीवरचा आकडा. पाठ करायची गरज पडणार नाही.

प्रवेशाचं थोडक्यात: बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, पुढे डिप्लोमावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वर्ष वाचतं, मात्र पहिल्या वर्षाचं मूलभूत इलेक्ट्रिकल बुडतं. ते कॉलेज सुरू व्हायच्या आधी स्वतः वाचून काढ, नाहीतर पहिल्याच सेमिस्टरला फार जड जाईल.

आणि कडुनिंबाचा शेंडा रेषेच्या किती खाली आहे, ते मोजून कळव. डिश वर न्यायची की फांद्या छाटायच्या, ते त्या आकड्यावर ठरवू. पाऊस असताना मात्र टॉवरवर चढू नकोस.