सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो

सप्टेंबर उजाडला की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजात येतो, मॅडम एलओआर कोण देणार, आम्हाला तर कॉलेजात कुणी ओळखतच नाही. एलओआर म्हणजे शिफारसपत्र, अमेरिकेत एमएसला, म्हणजे पदवीनंतरच्या मास्टर्सला, अर्ज करताना बऱ्याच युनिव्हर्सिटी अशी तीन मागतात, काही दोनवर भागवतात. मार्क, इंग्लिशची परीक्षा, बँकेचे कागद यांची पोरं वर्षभर तयारी करतात आणि हे पत्र मात्र शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलतात.

मागच्या एका सीझनची गोष्ट सांगते. लातूरकडची मुलगी, मेकॅनिकल, सीजीपीए ७.४, दोन वर्षं चाकणला नोकरी. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. ती आली तेव्हा तिच्याकडे तिन्ही पत्रं तयार होती! आधीच्या कन्सल्टंटने करून दिलेली, आणि सोबत तीन जीमेल आयडी, सरांच्या नावाने उघडलेले, पासवर्ड हिच्याकडे. मी पत्रं वाचली. तिन्हींत ती "अत्यंत मेहनती आणि जिज्ञासू", तिन्हींत तेच स्वल्पविराम, एका पत्रात तर मधेच "ही"चा "हा" झालेला, म्हणजे आधी कुठल्यातरी मुलासाठी वापरलेलं.

मी विचारलं, अगं सरांना हे माहितीय का? तर म्हणे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सरांना भेटले होते मॅडम, ते म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो, मग म्हटलं सही तरी कशाला.

आता सरांना मी फार दोष देत नाही. एका वर्गात साठ-सत्तर पोरं, वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, त्यात प्रत्येकासाठी इंग्रजीत पानभर पत्र कोण लिहिणार. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या वर्षांत मी पण पोरांना फॉरमॅट वाटलेत. तेव्हा वाटायचं चालतं. पण तिकडे शेकडो अर्ज वाचणाऱ्या माणसाला एका पेनातून उतरलेली तीन पत्रं कळत नसतील असं समजणं म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिणं. आणि पकडलं तर दिलेली अ‍ॅडमिशनसुद्धा काढून घेऊ शकतात, तुम्ही तिकडे पोचल्यावरही.

तिला आधी सिस्टीम समजावली. अर्जात आपण फक्त सरांचं नाव, पद आणि ईमेल भरायचा, मग युनिव्हर्सिटीकडून सरांना लिंक जाते आणि पत्र सर स्वतः अपलोड करतात. बऱ्याच ठिकाणी तिथेच रकानेही असतात, किती वर्षं ओळखता, कुठल्या नात्याने, आजवरच्या विद्यार्थ्यांत हिला कुठे बसवाल, वरच्या ५ टक्क्यांत की २५. ईमेल शक्यतो कॉलेजचा किंवा कंपनीचा हवा, जीमेल दिसला की शंकेला जागा, सरांकडे दुसरा आयडीच नसेल तर अ‍ॅडमिशन ऑफिसला आधी मेल करून विचारावं, ते उत्तर देतात.

मग मी तिला विचारलं की कॉलेजात तुझ्यावर कोण चिडलं होतं? ती हसली. म्हणाली प्रोजेक्टचे सर, रोज चिडायचे. प्रोजेक्ट होता सोयाबीनच्या मळणी यंत्राचा, चाळणी इतकी थरथरायची की बेअरिंग टिकत नव्हतं, आणि ही बाई दिवाळीची सुट्टी सोडून वर्कशॉपमध्ये बसून होती, शेवटी सापडलं की शाफ्टच सरळ रेषेत बसवलेला नव्हता. मी म्हटलं अगं मग हे सर! तर म्हणे ते एचओडी नाहीत मॅडम, साधे असिस्टंट प्रोफेसर आहेत, त्यांना इंग्लिश पण जमत नाही फारसं.

इथेच बहुतेकांची गाडी अडते. मोठ्या पदाचा माणूस हवा असं सगळ्यांना वाटतं, प्रिन्सिपलचं पत्र आणतात, आणि त्यात "ही आमच्या कॉलेजची विद्यार्थिनी होती" यापलीकडे काही नसतं, कारण प्रिन्सिपलना माहितीच नसतं. ज्याने तुम्हाला काम करताना बघितलंय त्याचं साधं, चुकामाकांचं इंग्लिशसुद्धा त्यापेक्षा जास्त कामाचं.

तिला एक पान तयार करायला लावलं, पत्र नव्हे, फक्त आठवणी. कुठल्या सेमला सरांचा कुठला विषय, किती मार्क, प्रोजेक्टमध्ये नेमकं तिने काय केलं, ग्रुपने काय केलं, आता पुढे काय शिकायचंय, कुठल्या युनिव्हर्सिटीची डेडलाइन कधी. तिची पहिली १५ डिसेंबरची होती, आम्ही सरांना ऑक्टोबरमध्येच गाठलं. सर आधी तेच म्हणाले, तूच लिहून आण. ती म्हणाली सर, तुम्ही मराठीत बोला, मला काही नको, तुम्हाला काय आठवतं तेवढंच लिहा. त्यांना शाफ्ट आठवत होता.

दुसरं पत्र थर्मल शिकवलेल्या मॅडमचं, तिसरं चाकणच्या मॅनेजरचं घ्यायचं ठरलं. मॅनेजरला सांगायला ती घाबरत होती, नोकरी सोडणार हे कळेल म्हणून. ही भीती खरी आहे, त्यावर माझ्याकडे जादू नाही. शेवटी तिने मॅनेजरऐवजी आधीच्या टीमच्या लीडला विचारलं, तो तयार झाला.

अर्जात अजून एक प्रश्न येतो ज्याला पोरं दचकतात, पत्र बघण्याचा हक्क सोडता का? तिथे १९७४ चा फेर्पा नावाचा कायदा आहे, त्यामुळे पुढे तिथे शिकायला लागलात तर आपल्या फाइलमधली पत्रं मागून बघता येतात. मी हक्क सोडा म्हणते. सर मोकळेपणाने लिहितात आणि वाचणाराही त्यावर जास्त विश्वास ठेवतो. तिने सोडला, पण दोन रात्री झोपली नाही.

खरा गोंधळ पुढे झाला. १० डिसेंबरला पोर्टलवर सरांच्या नावापुढे अजून "प्रतीक्षेत". लिंक स्पॅममध्ये, आणि सरांना कॉलेजच्या मेलचा पासवर्डच आठवेना, तो वर्षभर उघडला नव्हता. सिस्टीमवाला दादा लग्नाला गावी गेलेला. १३ तारखेला संध्याकाळी पत्र चढलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, सरांकडून होकार मिळाला की त्याच दिवशी त्यांच्यासमोर बसून एक टेस्ट मेल पाठवा.

सहा ठिकाणी अर्ज केले होते, तीन अ‍ॅडमिट, दोन नकार, एकीकडून वेटलिस्ट आणि मग काहीच नाही. पेढे घेऊन ती कॉलेजला गेली तेव्हा सरांनी एवढंच विचारलं, अगं त्या "मिसअलाइनमेंट"चं स्पेलिंग मी बरोबर लिहिलं होतं का? तिने पत्र पाहिलेलंच नव्हतं.