जुना पॉवर वीडर आणि परसबाग

भावा, दोन वर्षं पडून असलेला तुझा पॉवर वीडर (माती भुसभुशीत करून तण काढणारं छोटं यंत्र) सुरू होत नाही आणि तुला त्यावर परसबाग करायचीय ना, मग आधी इंजिन उघडायच्या मागे लागू नकोस, अशा मशीनचं बहुतेक वेळा दुखणं कार्बोरेटरच (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) असतं. टाकीतलं जुनं पेट्रोल फेकून दे, ते चिकट होऊन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) बुजवतं, मग दोरी ओढून ओढून खांदा निखळतो पण इंजिन काही सुरू होत नाही. कार्बोरेटरची खालची वाटी काढ, जेट कार्ब क्लीनरने (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) धू, हवा मार, तार घालू नकोस, भोक मोठं होतं (मी केलंय, नवीन जेट आणावा लागला). स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) घास, त्याच्या टोकाची गॅप साधारण ०.७ मिमी ठेव. इंजिन फोर स्ट्रोक (ऑइल वेगळं भरायचं) असेल तर ऑइल बदल, टू स्ट्रोक असेल तर पेट्रोलमधेच ऑइल मिसळायचं, यात चूक केलीस तर इंजिन जाम. पात्यांना हात लावायच्या आधी प्लगची कॅप काढायचीच, म्हणजे इंजिन चुकून सुरू होणार नाही.

आणि मशीन चालू झालं म्हणून लगेच ओल्या रानात घालू नकोस, वाफसा येऊ दे (माती फार ओलीही नको, कोरडीही नको), मूठभर माती दाबून बघ, गोळा सहज फुटला तर चालव, नाहीतर काळ्या मातीची नुसती ढेकळं होतात. एकदा फिरवून कुजलेलं शेणखत पसर, परत फिरव. सुरुवातीला मेथी, पालक, गवार एवढंच लाव, टोमॅटो नंतर बघू.