माझ्या १६ वर्षांच्या मुलाला सुपरमार्केटमध्ये चोर समजून अडवलं, काहीच सापडलं नाही. आता मी काय करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, ताई. मुलगा अकरावीतला. क्लासहून येताना एकटाच वह्या घ्यायला गेला. गेटवर अडवून त्याला मागच्या गोडाऊनमध्ये नेलं, सॅक उलटी केली, बूट काढायला लावले, मोबाइलवर फोटो काढला. काही मिळालं नाही, तरी ‘पुन्हा असं करणार नाही’ असं त्याच्याकडून लिहून घेतलं आणि मग सोडलं. तक्रार करावी की सोडून द्यावं, हा तुमचा एक प्रश्न. तेव्हापासून तो कुठल्याच दुकानात पाय ठेवत नाही, हा दुसरा.

मी वकील नाही. पण पंधराव्या वर्षी मी असाच पकडला गेलो होतो, आणि पुढे पोटासाठी 4 वर्षं पुण्यात एका मोठ्या दुकानात फ्लोअरवर काम केलं. म्हणजे गेटच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलोय.

2009 सालचा डिसेंबर, नाशिक. मी दहावीत. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणून आईने साबुदाणा, शेंगदाणे आणि तेलाची पिशवी आणायला पाठवलं. सिडकोतल्या आमच्या घराजवळ नवीनच मोठं दुकान झालं होतं आणि तिथे स्वस्त मिळतं असं सगळे म्हणत. पैसे मोजके होते. म्हणून मी काय करत होतो, तर टोपलीत वस्तू टाकायची, जर्किनच्या आतल्या खिशातून यादी आणि नोटा काढायच्या, मनात बेरीज करायची, परत खिशात ठेवायच्या. बेरीज जास्त झाली की एखादी वस्तू परत रॅकवर. पाच-सहा वेळा तरी केलं असेल. आता हे लांबून बघा: हिवाळ्यातलं फुगलेलं जर्किन घातलेला एकटा पोरगा, वस्तू उचलतोय, हात जर्किनमध्ये जातोय आणि टोपलीतली वस्तू गायब होतेय. ज्याच्या खिशात पैसे कमी तो बेरीज करत फिरतो, आणि बेरीज करत फिरणारा चोरासारखा दिसतो. हे मला पुण्यात नोकरी करताना कळलं. त्या दिवशी फक्त ‘ए, इकडे ये’ एवढंच कळलं.

खिसे मी स्वतःच रिकामे केले. कुणी सांगायच्या आधी. निर्दोष माणसाला घाई असते ना! आणि आतल्या खिशातून निघाली बोरोलीनची ट्यूब. थंडीत माझे ओठ फुटायचे, म्हणून आईने कोंबलेली. निम्मी संपलेली, खालून दुमडत आणलेली, टोपणाला धूळ लागलेली. गार्ड म्हणाला, “हिचं बिल कुठाय?” मॅनेजरने ती उघडून वास घेतला. कशासाठी घेतला ते अजून मला कळलेलं नाही.

मग वडिलांना बोलावलं. ते सातपूरच्या कंपनीतून शिफ्ट संपवून तसेच एम-80वर आले. दारातून आत आले, मॅनेजरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलंच नाही, आणि पहिलं वाक्य म्हणाले, “माफ करा साहेब, लहान आहे.”

ताई, गार्डचा चेहरा मला आज आठवत नाही. हे वाक्य मात्र जसंच्या तसं आठवतं. वडील वाईट नव्हते, माझ्यावर त्यांचा संशयही नसावा. पोलीस, शाळा, कंपनीत कुणाला कळेल, या धास्तीने माणूस आधी हात जोडतो. ती ट्यूब आमच्या घरातलीच आहे हे त्यांनी नंतर ओळखलं आणि सांगितलंही, पण तोवर मी गुन्हेगार म्हणून माफ झालो होतो. साबुदाणा तिथेच राहिला. येताना कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घेतला. “आईला सांगू नकोस,” म्हणाले. मी नाही सांगितलं.

म्हणून तक्रारीच्या आधी मला तुम्हाला एक विचारायचंय. तो घरी आल्यावर तुमचं पहिलं वाक्य काय होतं? ‘तू खरंच काही घेतलं नव्हतंस ना?’ असं निघालं असेल तर स्वतःला दोष देत बसू नका, बहुतेकांचं तेच निघतं. पण आज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून सरळ सांगा की मी ते विचारायला नको होतं. फिरवून, जेवताना सहज वगैरे नको. सरळ.

आता दुकानाची बाजू. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवायचे की गिऱ्हाइकाने वस्तू उचलताना तू स्वतः पाहिलं पाहिजेस, लपवताना पाहिलं पाहिजेस, मधे एक क्षणही नजर हटलेली नको, आणि तो पैसे न देता बिलिंग काउंटर ओलांडून पुढे गेला पाहिजे. यातलं एक जरी सुटलं तरी हात लावायचा नाही. ‘वाटलं’ हे कारण नाही. नियम चांगला होता. पण गार्ड कंत्राटी, 12 तास उभा, आणि स्टॉक मोजल्यावर माल कमी भरला की सगळ्यांचं बोट त्याच्याकडे. खरं तर कमी भरलेल्या मालातला किती गिऱ्हाइकाने नेला, किती गाडीतूनच कमी उतरला आणि किती चुकीच्या बारकोडवर गेला, हे शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही. मग एकटा, सॅकवाला, सोबत मोठं माणूस नसलेला पोरगा दिसला की नजर तिथेच जाते. चांगल्या कपड्यातल्या काकूंच्या पर्समध्ये कोणी डोकावत नाही. (मी पाहिलेल्या पक्क्या चोऱ्यांत काकू बऱ्याच होत्या, पण ते असो.)

दारातलं चोरी पकडायचं गेट वाजलं म्हणजे चोरी, हाही गैरसमज. त्या गेटचे दोन प्रकार सर्रास दिसतात, एक 8.2 मेगाहर्ट्झवर चालणारा आणि दुसरा 58 किलोहर्ट्झवर. बिल करताना वस्तू काउंटरवरच्या पॅडवरून फिरवली की तिच्यावरचं स्टिकर निकामी होतं. कॅशियरने घाईत नीट फिरवली नाही तर ते जिवंतच राहतं. त्या दुकानाचं गेट दुसऱ्या प्रकारचं असेल तर तिथे काही कळतही नाही. आठवड्याने तीच वस्तू सॅकमध्ये घेऊन तुम्ही त्याच प्रकारच्या गेटमधून गेलात की ते बोंबलतं. आमच्याकडे एक कॉलेजची मुलगी अशीच रडकुंडीला आली होती. शेवटी स्टिकर सापडलं दुसऱ्याच दुकानातून घेतलेल्या जीन्सच्या आत, धुलाईच्या लेबलामागे. ती जीन्स तिच्या अंगावर होती.

आणि तो माफीनामा. काही सापडलं नाही तरी तो का लिहून घेतात? कारण चुकीचा माणूस अडवला की मेमो, म्हणजे लेखी ताकीद, अडवणाऱ्याला मिळतो. ‘मुलाने चूक कबूल केली’ असा कागद फाइलला लागला की चुकीचा माणूस अडवलेलाच नसतो. तो कागद तुमच्या मुलासाठी नाही, त्या ड्युटी मॅनेजरसाठी आहे. 16 वर्षांचं पोर बंद खोलीत तीन मोठ्या माणसांसमोर काहीही लिहून देईल. मीही दिलं असतं.

कायद्याचं मला जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच सांगतो. गणवेश आणि शिट्टी असली तरी दुकानाच्या गार्डला तुमच्या-माझ्यापेक्षा एकही जास्त अधिकार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे सामान्य माणूस एखाद्याला पकडू शकतो, पण समोर घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यासाठी, आणि पकडल्यावर विनाकारण उशीर न करता, फार तर 6 तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. 1 जुलै 2024 पासून 5000 रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीससुद्धा अटक करू शकत नाहीत. म्हणजे दोन वह्यांसाठी पोलिसांनासुद्धा जे सहज करता येत नाही, ते गोडाऊनमध्ये चाललं होतं. बेकायदा अडवणं आणि कोंडून ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 आणि 127 खाली गुन्हे आहेत. तुमचा मुलगा 18च्या आतला, म्हणून बालन्याय कायदा, 2015 हा त्याच्या बाजूने आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, तुम्ही गेलात तर त्यांनाच भेटायचं आहे म्हणा. फोटोचं म्हणाल, तर ज्याच्यावर खरोखर केस चालू आहे त्या मुलाचीसुद्धा ओळख प्रसिद्ध करायला या कायद्याचं कलम 74 मनाई करतं. तुमच्या मुलावर तर केसच नाही. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘याच्यावर लक्ष ठेवा’ म्हणून असे फोटो फिरतात, मी पाहिलेत.

तक्रार करावी का? माझं मत करावी, पण आरडाओरडा करत दुकानात शिरू नका आणि व्हिडिओ करून टाकू तर अजिबात नका. त्यात तुमच्या मुलाचाच चेहरा गावभर होईल. लेखी पत्र द्या, एक मॅनेजरला आणि एक कंपनीच्या मुख्य कार्यालयाला, पोच घ्या. त्यात तारीख, वेळ, कुठे नेलं, किती वेळ ठेवलं, आणि त्या वेळेचं सीसीटीव्ही जपून ठेवावं ही मागणी. हे या आठवड्यातच करा, कारण जुनं रेकॉर्डिंग काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. त्यांना फोटो डिलीट करायला लावा आणि तसं लेखी मागा. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915, मुलांसाठीची 1098, आणि पोलीस ठाणे आहेच. तिथे ‘एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून देतो’ म्हणतील. चालेल, पण त्याचीही प्रत घ्या.

एवढ्याशा गोष्टीला कोर्ट विचारत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला केरळातली गोष्ट सांगा. ऑगस्ट 2021मध्ये आटिंगल इथे पिंक पोलिसांतल्या (महिलांच्या सुरक्षेसाठीचं तिथलं पोलीस पथक) एका महिला पोलिसाने 8 वर्षांच्या मुलीवर आणि तिच्या वडिलांवर मोबाइल चोरल्याचा आळ भर रस्त्यात घेतला. मोबाइल पोलिसांच्याच गाडीत निघाला. मुलीच्या वतीने केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि त्याच डिसेंबरात न्यायमूर्ती देवन रामचंद्रन यांनी राज्य सरकारने तिला दीड लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. तिथे समोर पोलीस होते, इथे दुकान आहे, हा फरक आहेच. पण पोराच्या मनाला लागलेलं हे ‘एवढंसं’ नसतं, हे कोर्टाने धरलं.

मुलाला दुकानात जायला लावू नका. मी त्या दुकानासमोरचा रस्तासुद्धा दोन वर्षं टाळला. वाण्याकडे जात होतो, तिथे काउंटरच्या पलीकडून तो वस्तू काढून देतो, आपल्याला हात लावावाच लागत नाही. मुलालाही काही दिवस तसंच जाऊ द्या. ‘अरे, इतकं काय मनाला लावून घेतोस’ हे मात्र घरात कुणालाच बोलू देऊ नका, आजोबांनासुद्धा.

आणि तो माफीनामा आणा. पैसे, कूपन, ‘सॉरी मॅडम, गार्ड नवीन आहे’ यावर परत येऊ नका. अस्सल कागद मागा, झेरॉक्स नको. मुलगा सोबत आला तर ठीक, नाही तर बाहेर चहाच्या टपरीवर थांबू दे. मॅनेजर म्हणेल, “तुमच्यासमोरच फाडतो.” फाडू देऊ नका. घरी आणून तक्रारीसाठी त्याचा एक फोटो काढून ठेवा आणि कागद मुलाच्या हातात द्या. फाडायचा असेल तर तो फाडेल.