परचेस आणि लीगलचं जमेना

प्रश्न : नाना, जळगाव एमआयडीसीत ठिबकचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात मी परचेस बघते. लीगल पुण्याच्या ऑफिसात बसतं. करार तपासायला पाठवला की पंधरा-वीस दिवस उत्तर नाही, आलं तर लाल रेघांनी भरलेलं. तोवर सप्लायर भाव फिरवतो आणि बोलणी मी खाते. त्यांचं म्हणणं, परचेसवाले सौदा उरकून मग कागद दाखवतात. काय करू?

उत्तर : ताई, राग मानू नका, पण त्यांचं म्हणणं खरं असणार. मीही उभी नोकरी तेच केलं. भाव ठरवायचा, व्हॉट्सॲपवर ‘ओके, पाठवा’ लिहायचं आणि मग लीगलला मेल : अर्जंट, आजच क्लिअर करा. आता १८७२ च्या करार कायद्याला शिक्का, स्टँपपेपर लागतोच असं नाही. अटी ठरून तुमचं ‘ओके’ गेलं की बहुतेक वेळा करार झालेला असतो. त्यानंतरच्या लाल रेघा म्हणजे सप्लायरला केलेली विनंती.

मला हे एका डायने, म्हणजे साच्याने, शिकवलं. कनेक्टरची डाय आम्ही आमच्या पैशाने करून घेतली, ती मोल्डिंगवाल्याकडेच ठेवली. पीओत, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरीत, मी लिहिलं होतं ‘डाय चार्जेस’ आणि पुढे रक्कम. बस्स. दोन वर्षांनी भावावरून बिनसलं, डाय आणायला टेम्पो पाठवला, तो रिकामा परत आला. मोल्डिंगवाला म्हणे, ‘तुम्ही नुसते चार्जेस दिले ना, डाय माझीच.’ ऐन मे महिना, कापसाच्या ठिबकची गर्दी. आमचे वकीलसाहेब फोनवर एवढंच म्हणाले, ‘आधी विचारलं असतं तर दोन ओळी टाकल्या असत्या.’ डायची मालकी आमची, मागितल्यावर सात दिवसांत परत. त्या दोन ओळी आजही मला पाठ आहेत.

त्यानंतर कोटेशन मागवायच्या आधीच मी लीगलला एक पान पाठवू लागलो. काय घेतोय, साधारण कितीचं, आपला पैसा किंवा वस्तू त्यांच्याकडे अडकणार का, माल उशिरा आला तर आपलं काय बुडेल, कोणत्या तारखेला हवं. त्यावरून तेच सांगायचे, हे मला दाखवा, हे नको. पुठ्ठ्याची खोकी न् नट-बोल्ट कशाला वकिलापर्यंत न्यायचे? त्याला कराराचा एक मंजूर नमुना पुरतो.

आणि कुठल्या अटीवर न विचारता किती खाली यायचं, तेही आधीच ठरवून घ्या. उशिराच्या दंडावर मी आठवडे घालवलेत, दहा टक्के की पाच. त्याच करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. कोर्ट देतं ती वाजवी भरपाई.

एका बाबतीत मात्र चूक आपल्याच बाजूची असते. नव्वद दिवसांची उधारी मिळवली की परचेसवाला कॉलर ताठ करतो. समोरचा उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहा, मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस. लेखी काही नसेल तर १५. चुकलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढीने. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून असं बिल मुदतीत न देता थकलं, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरत नाहीत. म्हणून नवा सप्लायर जोडतानाच उद्यम नंबर घ्या आणि तो अकाउंट्सला न् लीगलला, दोघांनाही कळवा.

बाकी, पुण्याच्या त्या माणसाला एकदा जळगावला बोलवा. आमच्या वकीलसाहेबांनी डाय पहिल्यांदा शॉप फ्लोअरवर बघितली, हात लावून म्हणाले, ‘यावर कंपनीचं नाव का नाही कोरलेलं?’ आम्हा कुणाला ते सुचलंच नव्हतं. पण थंडीत बोलवा, भरीत आणि कळण्याची भाकरी असेल तेव्हा. मेमध्ये बोलावलंत तर लाल रेघा वाढतील.