ईरा, माईआजीच्या पानाबद्दल

ईरा,

रविवारी सर्वपित्रीचं पान मागच्या भिंतीवर ठेवून मी आत आलो तेव्हा तू विचारलंस, "माईआजीला गवार आवडायचीच नाही, मग तिला गवार का वाढलीस? हे नक्की तिच्यासाठी आहे का तुझ्यासाठी? आणि कावळा येतो म्हणजे माणूस येतं असं तुला खरंच वाटतं का?" आई हसली, मी "चल आधी जेवायला बस" म्हणालो आणि विषय संपला. म्हणजे तुझा संपला. मी आपला बसमध्ये येता-जाता तेच घोळवतोय. तोंडाने सांगायला गेलो की लेक्चर होतं (तुझाच शब्द), म्हणून टाईप करतोय. हळूहळू वाच, अडलं तर आईला विचार.

पहिलं म्हणजे तुझं बरोबर आहे, गवारीला ती 'दोऱ्या' म्हणायची. आणि तिला काय आवडायचं ते तू स्वतः बघितलंयस. ठाण्याला गेलो होतो तेव्हा घेऊन गेली होती ना आपल्याला मामलेदारला मिसळ खायला? तुला कमी तिखट, मला मिडियम, आणि स्वतःला तिखट मागवून वर मला म्हणाली, परदेशात राहून जीभ नाजूक झाली रे तुझी. तू पाणी पीत बसलीस आणि ती शांतपणे दुसरा पाव मागत होती. ते खरंच मामलेदार कचेरीच्या आवारातलं कँटीन आहे, नाव त्यावरूनच पडलं. माझी माईआत्या, म्हणजे तुझी माईआजी, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला होती आणि पगाराच्या दिवशी घरी यायच्या आधी तिथे जायची, एकटी. त्या काळात एकट्या बाईने मिसळ खायला जाणं म्हणजे आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगीत चर्चेचा विषय. तिला फरक पडायचा नाही, निदान दाखवायची तरी नाही.

आता गवारीचं. आमच्याकडे पितृपक्षात माझ्या आजोबांचं, म्हणजे तुझ्या पणजोबांचं श्राद्ध असायचं. गणपती नुकतेच गेलेले, मोदक संपलेले, शाळा सुरू, आणि मध्येच हा एक दिवस जेव्हा घरात सकाळपासून भरडाचे वडे, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी, लाल भोपळा, गवार, अळू, कढी असं सगळं चाललेलं असायचं आणि आम्हाला त्यातलं काहीही मिळायचं नाही. गुरुजी येणार, त्यांचं होणार, मग कावळ्याचं पान गच्चीवर जाणार, कावळा शिवणार आणि मग आपली पानं. दोन वाजायचे, कधी अडीच. मी आणि तुझा दादाकाका स्वयंपाकघराच्या दारात उभे. त्या दिवशी माईआत्या हक्काची रजा टाकायची आणि पहाटे उठून हे सगळं करायची. माझी आई मदतीला असायची पण वडे माईआत्याचेच, त्याला कोणी हात लावायचा नाही.

गच्चीवर पान घेऊन ती जायची आणि मी तिच्या मागे. पाणी फिरवायचं, हात जोडायचे, मग थोडं लांब उभं राहून काव काव करून बोलवायचं. एरवी समोरच्या अँटेनावर सकाळ संध्याकाळ कावळ्यांची सभा भरलेली, पण त्या दिवशी पितृपक्षामुळे प्रत्येक गच्चीवर पान, कावळ्यांना चॉइस. आमच्याकडे कशाला येतील? एका वर्षी आम्ही बराच वेळ उभे होतो, ऊन मी म्हणत होतं, खालून आजीच्या हाका, "शिवला का गं?" माईआत्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पानाकडे बघितलं, आणि जिन्यात वाकून ओरडली, "शिवला, शिवला! पानं घ्या!" मी म्हणालो, अगं पण आत्या, कावळा कुठाय? तर म्हणाली, "माझे बाबा होते ते, पोरांना उपाशी ठेवून जेवणाऱ्यातले नव्हते. चल."

तर ईरा, तू विचारलंस ना, कावळा येतो म्हणजे माणूस येतं असं मला खरंच वाटतं का. माहीत नाही गं. मला शिकवणारीच अशी होती. पण तिने पान ठेवणं कधी सोडलं नाही, तेही खरं. आजी गेल्यावर आजीचं केलं, ऑफिसचा मार्च एंड असो नाहीतर पाय सुजलेले असोत, तिथीला वडे झालेच.

म्हणून मी गवार करतो. तिच्या आवडीचं म्हणून नाही, तिच्या हातचं म्हणून. भोपळ्यात मेथीची फोडणी घातली की मला ती दिसते, दारात उभं राहू नकोस, तेल उडेल म्हणणारी. मिसळ केली असती तर चांगली झाली असती कदाचित, पण मिसळ ती बाहेर खायची, मी बघितलेली नाही, ऐकलेली आहे, त्या एका दिवसाची सोडली तर.

इथवर लिहून मला बरं वाटलं आणि मग लगेच वाटलं की तू याच्यावर काय म्हणशील. तू म्हणशील, म्हणजे लग्न न झालेली बहीण म्हणून सगळं तिच्यावर टाकलं आणि आता तिची आठवण पण स्वयंपाकघरातलीच काढताय? तुझे आजोबा तिचे सख्खे भाऊ, वडील दोघांचे सारखेच, त्यांनी एकदा तरी रजा टाकली का? नाही टाकली. ते सोवळं नेसून पाटावर बसायचे, सगळं शास्त्राप्रमाणे. तिच्या नावाने नारळही वाढवला नसेल कुणी त्या दिवशी. मी लहान असताना हे कोणालाच विचित्र वाटायचं नाही. आता वाटतं, आणि तरी वडे तळताना मला राग येत नाही, आनंदच होतो, याचं काय करायचं ते मला कळत नाही.

शनिवारची माईआत्या वेगळी होती, ती पण सांगतो. हाफ डे करून आली की मला घेऊन तलावपाळीवर. बोटीत बसवायची, स्वतः काठावर चपला सांभाळत. तलावाच्या मध्ये ते छोटं शंकराचं मंदिर आहे ना, बोट तिथे वळली की मी हात करायचो आणि ती पर्स हलवायची. मेच्या सुट्टीत गडकरी रंगायतनला बालनाट्य, त्याची तिकिटं तिने ऑफिसला जायच्या आधी रांगेत उभं राहून काढलेली. घरी येताना कुंजविहारचा वडापाव, तो केवढा मोठा असतो, आम्ही दोघांत एक खायचो आणि मोठा तुकडा तिचा. हो, तिचा! मुलांना द्यायचं आणि स्वतः उपाशी राहायचं असल्या कौतुकातली ती अजिबात नव्हती.

ती गेली तेव्हा मला पोचता आलं नाही, तुला आठवत असेल. जवाहरबागेच्या स्मशानात काय झालं ते मी इथे किचनमध्ये उभं राहून फोनवर बघितलं, दादाने फोन धरला होता, मध्येच चित्र अडकायचं. अग्नी तुझ्या आजोबांनी दिला. त्या दिवशी मला काहीच नीट वाटलं नाही, रडूही आलं नाही. खरं सांगायचं तर ते सगळं पुढे सप्टेंबरमध्ये, पहिल्यांदा इथे वडे थापताना आलं. पीठ सैल झालं होतं आणि फोन करून विचारायला ती नव्हती.

इथे डब्लिनमध्ये पान सीगलने नेलं, तेही तू बघितलंस. वडा अख्खा उचलला आणि गवार तशीच ठेवली. दादाला सांगितलं तर म्हणाला, मग माईआत्याच ती.

तुला हे पुढे करायलाच पाहिजे असं काही नाही. मी आणि आई गेल्यावर तू पिझ्झा ठेव, काही ठेवू नकोस, तुझ्यावर आहे. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं, कारण ते ऐकायला ब्लॅकमेल वाटतं, पण तसं नाहीये. माझी एवढीच इच्छा आहे की असले प्रश्न विचारायचे थांबू नकोस, मी विषय बदलला तरी.

आणि एक काम आहे. माईआत्याने लग्न का केलं नाही हे मला कोणी कधी सांगितलं नाही. दोनदा विचारलं, आजोबांनी दोन्ही वेळा क्रिकेटचा विषय काढला. तुझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. रविवारी दुपारी फोन कर, आपल्या बारा वाजता तिथे साडेचार झालेले असतात, चहा झालेला असतो, मूड चांगला असतो. आधी आपलं तिच्या ऑफिसबद्दल विचार, मग हळूच तिकडे वळव. मी खोलीत थांबणार नाही.

बाबा