रापणकराची मुलगी आणि अभयारण्यातली नोकरी

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मालवणला रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर जाता, मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे आणि तिला समुद्री अभयारण्यात काम करायचंय. वाडीतले लोक म्हणतात, ‘ज्या वनखात्याची आपल्याला धास्ती, त्याच खात्यात पोरीला घालणार?’ तुमच्याही मनाला ते लागलंय.

माझं मत स्पष्ट आहे. तिला जाऊ द्या, आणि ते या धास्तीसाठीच.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा, म्हणजे सगळ्यात कडक राखलेला भाग, जेमतेम तीन. मच्छीमारांचा त्याला विरोध होता आणि तो आजही पुरता शमलेला नाही. पाण्यात कुंपण घालता येत नाही, चौकी बांधता येत नाही. अभयारण्य वनखात्याचं, मासेमारीचे नियम मत्स्यव्यवसाय खात्याचे. एलईडी दिव्यांनी मासे ओढून मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री बाहेर दिवे दिसतात हे तुम्हाला मी सांगायला नको. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला (नळीने श्वास घेत पाण्याखाली बघायला) उतरलेला पर्यटक दमला की पाय टेकायला जागा बघतो आणि नेमका प्रवाळावर उभा राहतो. जे वाढायला कित्येक वर्षं लागली, ते एका टाचेखाली मोडतं. होडीचा नांगरही तिथेच पडतो. हे रोखायचं तर होडीवाल्याशी त्याच्या भाषेत बोलणारं माणूस हवं, नुसती पावती फाडणारं नव्हे.

गावाला बरोबर घेतलं की काय होतं, ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला दिसलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे कासवांचं काम उभं केलं. पूर्वी अंडी खाण्यासाठी नेली जायची, आता गावकरीच घरटी राखतात. जाळं कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला सरकार भरपाई देतं, तीही याच विचाराने. असे निर्णय घेणाऱ्यांत जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या भोकाचं माप, हाताने ओळखणारी मुलगी असावी, असं मला मनापासून वाटतं.

आता शिक्षणाचं. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. चार वर्षांची बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी, प्रवेश सीईटीवर. माझा कौल तिकडे, कारण मासे, जाळी आणि खारं पाणी तिथे एकत्र शिकवतात आणि घरापासून ते फार लांबही नाही. पुढे मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत एम.एफ.एस्सी. करता येईल. वनखात्याचीच वर्दी हवी असेल, तर मात्र दापोलीची वनशास्त्राची पदवी किंवा प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून एमपीएससीची वनसेवा परीक्षा द्यावी. हे तिने आत्ताच ठरवावं, कारण प्रत्येक जाहिरातीत कोणती पदवी चालते याची अट असते.

एक गोष्ट लपवत नाही: सरकारी जागा थोड्या निघतात आणि प्रकल्पांवरच्या नोकऱ्या बहुतेक कंत्राटी. पहिली काही वर्षं ओढाताण होईल, ती धरूनच चाला.

तुम्ही विचारलेला डायव्हिंगचा कोर्स चांगला आहे, पण कर्ज काढून आत्ता नको. पदवीनंतर तारकर्लीलाच करता येईल. त्यापेक्षा यंदा रापण लागली की तिला किनाऱ्यावर वही घेऊन बसवा. कोणत्या महिन्यात कोणती मासळी आली, किती लहान आली, एवढंच तिने लिहावं. नावं तुम्ही सांगा.