अल्कॉकचं बिलियर्ड टेबल सुपर फंडातून घ्यावं का?

मेलबर्नच्या वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, ब्लॅकवुड लाकडाचं, अल्कॉक कंपनीचं बारा फुटी टेबल 14,000 डॉलरला मिळतंय. ते सेल्फ-मॅनेज्ड सुपर फंडातून, म्हणजे ऑस्ट्रेलियात सभासद स्वतःच चालवतात त्या निवृत्ती फंडातून, घेऊन घरी ठेवायचं, मुलं खेळतील आणि निवृत्तीपर्यंत किंमतही वाढेल. मागची खोली 6.1 बाय 4.6 मीटर आहे.

सुपर फंडातून मुळीच घेऊ नका. जुलै 2011 पासूनच्या नियमांनुसार फंडाची अँटिक वस्तू सभासदाला किंवा त्याच्या नातेवाइकांना वापरता येत नाही, त्यांच्या राहत्या घरात ठेवताही येत नाही. खरेदीपासून सात दिवसांत फंडाच्या नावाने विमा लागतो आणि साठवणुकीचा निर्णय लेखी नोंदवून ठेवावा लागतो. म्हणजे तुमच्याच पैशाने घेतलेल्या टेबलाला गोदामात भाडं भरायचं आणि मुलांनी क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, हात लावला की नियमभंग!

स्वतःच्या नावाने घेतलं तरी हिशेब बघा. तुम्हाला मिळालेल्या कोटेशननुसार सुटं करून आणणं-जोडणं 3,200 आणि नवं कापड व कुशनचं (टेबलाच्या आतल्या कडेच्या गादीचं) रबर 2,400, म्हणजे एकूण 19,600. पुढचा गिऱ्हाईकही असाच खर्च वजा करून भाव सांगणार. त्यामुळे नुसतं मुद्दल सुटायलाच टेबलाची किंमत 40 टक्के वाढायला हवी. विकताना टेबल शंभर वर्षांहून जुनं असेल, तर कर विभाग ते संग्राह्य वस्तूंत धरतो. नफ्यावर भांडवली नफा कर लागतो, तोटा मात्र फक्त तशाच वस्तूंच्या नफ्यातून वळता होतो.

तरी या टेबलाचं मोल मला कमी वाटत नाही. हेन्री अल्कॉक यांनी 1853 मध्ये मेलबर्नला सुरू केलेल्या या कारखान्याच्या कामात कापडाखालच्या जाड स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) पाच लाद्या, खराद्यावर घडवलेले आठ भरदार पाय आणि लाखेचं पॉलिश हीच खरी दौलत. ती शाबूत आहे का, हे बघायला टेबलाखाली वाकावंच लागेल. लाद्यांच्या सांध्यांवरून सरळ पट्टी फिरवा. बोल्टच्या भोकांजवळ चीर शोधा. लाखेचं पॉलिश खरवडून पॉलियुरेथेनचं प्लास्टिकसारखं वार्निश फवारलेलं असेल, तर भाव पाडून मागा. मोठी टेबलं कापून लहानही केली जातात, तेव्हा पायांमधली अंतरं आणि चौकटीवरचे नवे कट तपासा. कुशन अंगठ्याने दाबा. रबर दगडासारखं लागलं तर ते बदलावंच लागेल.

आता खोली, कारण खरी अडचण तिथेच आहे. टेबलावरची खेळायची जागा 3.57 बाय 1.78 मीटर आणि क्यू साधारण 1.47 मीटर. दोन्ही बाजूंना क्यूची लांबी धरली की 6.51 बाय 4.72 होतात, हात मागे घ्यायला जागा धरली तर 6.8 बाय 5. तुमची खोली दोन्हीकडून कमी पडते. 1.22 मीटरचा आखूड क्यू घेतला तर लांबीत जेमतेम 9 सेंटिमीटर उरतात. तसा खेळ काही दिवसांत कंटाळवाणा होतो.

वजनाचंही तसंच. दोन इंची स्लेट असेल तर लाद्याच नऊशे किलोच्या आसपास, एकेक लादी 180 किलोहून जड. चौकट आणि पाय धरून सव्वा टनाच्या पुढे गेलं, तर प्रत्येक पायाखाली दीडशे किलोहून जास्त भार येतो. तुमचं घर जमिनीत रोवलेल्या खुंट्यांवर उभं, लाकडी फळ्यांच्या जमिनीचं असेल तर फळ्या वाकतात, पातळी जाते, सांध्यांतलं भरण तडकतं आणि कापडाखाली उंचवटा येतो. खाली आधार देण्याचा खर्च वरच्या 19,600 मध्ये धरलेला नाही.

माझं मत: या खोलीसाठी हे टेबल घेऊ नका. 6.8 बाय 5 ची दुसरी खोली काढता येत असेल, तर घरखर्चातून, आणीबाणीच्या शिल्लकीला हात न लावता, फर्निचर म्हणून घ्या. व्यवहार ठरवताना लाद्यांना नंबर घालूनच सुटं करायचं, हे लेखी घ्या, आणि शेवटचा हप्ता घरात जोडणी होऊन तुमच्यासमोर पातळी मोजल्यावरच द्या.